पाणथळीची रांग

लालबागच्या आमच्या इमारतीत गच्चीवरची टाकी वाहू लागली की पहिला माझा दरवाजा वाजतो. तुम्ही पाण्यातल्या ना ताई, जरा बघा, म्हणून. मी पाण्यातली हे खरं आहे. उभी नोकरी मी नद्यांच्या पाण्याचा विचार करण्यात घालवली. पण टाकीतला फ्लोट नेमका कुठे अडकतो हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि तसं सांगितलं की शेजाऱ्यांचे चेहरे पडतात. मग एवढी वर्षं करत काय होतात, असं तोंडावर विचारायचं धाडस त्यांना होत नाही. या अंकाच्या संपादकांना झालं, म्हणून हा लेख.

तर मी काय करत होते. समजा एक नदी आहे. आजूबाजूच्या जेवढ्या जमिनीवरचं पावसाचं पाणी शेवटी तिच्यात येऊन पडतं, ते तिचं खोरं. खोऱ्यात शेतं असतात, शेतांत खत असतं, गावं असतात, गावांची गटारं असतात, एखादा कारखाना असतो आणि ही सगळी मंडळी आपापला प्रसाद नदीला वाहत असतात. आम्ही हे अख्खं खोरं संगणकात बसवायचो. त्याचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात पाऊस किती, उतार किती, पीक कुठलं, माणसं किती ते भरायचं आणि मग बसल्या जागी खोटा पाऊस पाडायचा. संगणकातलं पाणी उतारावरून धावत नदीला मिळतं आणि खालच्या शहरात पोचेपर्यंत त्यात काय काय मिसळलं असेल ते सांगतं. याला म्हणायचं मॉडेल. मग खऱ्या नदीचं पाणी बाटल्यांत भरून तपासलेलं असतं, त्याच्याशी ताळा जमवायचा. नाही जमला तर मॉडेलच्या आतली बारीक बटणं पिळायची. या पिळण्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. आमची आई आमटीची चव बघून पुन्हा मीठ नि कोकम घालायची ते हेच काम, पण तिला त्यासाठी कुणी एसी केबिन दिली नव्हती.

आमचं ऑफिस परळला, गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरमध्ये. याच आवारात माझे बाबा साच्यावर होते. साचा म्हणजे माग. बिल्डरने गिरणी पाडली आणि फाटकावर गिरणीचं नाव तेवढं ठेवलं, कारण नावाला जागा लागत नाही. पावसाळ्यात खाली रस्त्यावर गुडघाभर पाणी साचायचं, लोक पँटी वर खोचून आणि चपला हातात धरून चाललेले असायचे, आणि वर काचेआड आम्ही लांबच्या कुठल्याशा नदीला पूर आला तर काय, यावर गंभीर चर्चा करत बसलेलो असायचो. एकदा नखशिखान्त भिजलेला कुरिअरवाला पाकीट देऊन थबकला आणि ही कंपनी कशाची म्हणून त्याने विचारलं. पाण्याचा अभ्यास करतो, मी म्हटलं. त्याने एकवार खिडकीतून खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही घेतली.

गिऱ्हाइकं आमच्याकडे एकेक नमुनेदार यायची. एका कारखानदाराला त्याच्या पाइपाच्या वरच्या अंगापर्यंतच नदी हवी होती. तिथपर्यंतची दाखवा, तिथपर्यंत फार छान आहे, असा त्याचा आग्रह. एका नगराध्यक्षांनी आमचा अहवाल परत पाठवला, कारण नकाशात त्यांच्या गावाशेजारची नदी तपकिरी रंगात होती. आम्ही तिला निळी केली. बाकी एक अक्षर बदललं नाही. अहवाल मंजूर झाला.

हे रंगकाम आमचे विजयकर सर स्वतः करून घेत. विजयकर सर म्हणजे कंपनीचे मालक. गिरगावातलं जुनं घराणं, शुद्ध मराठी, इस्त्रीचे कपडे. नद्यांवर त्यांचं मनापासून प्रेम होतं आणि क्लायंटवर त्याहून थोडं जास्त. त्यामुळे दोघांचं भांडण लागलं की नदीने समजून घ्यावं, अशी त्यांची अपेक्षा असे.

आता ज्या नदीबद्दल सांगायचं आहे तिचं खरं नाव सांगत नाही. तिला आपण धाकटी म्हणू. धाकटीच्या वरच्या अंगाला एक वाढतं शहर आहे, त्याचं सांडपाणी तसंच नदीत जायचं. खालच्या अंगाला दुसरं शहर आहे, ते तेच पाणी पितं. या खालच्या शहरात माझी मोठी बहीण राहते, आमची माई. लग्न होऊन लालबागच्या चाळीतून तिकडे गेली त्याला जमाना लोटला, पण माझ्याशी बोलायला लागली की तोंडातून अजून घरची मालवणी येते. माईच्या स्वयंपाकघरातल्या नळाला मृगापासून पांढरं फडकं बांधलेलं असतं. पावसाचं गढूळ पाणी त्यातून गाळून घ्यायचं, रोज फडकं धुवायचं आणि गणपती विसर्जन झालं की सोडून ठेवायचं. पाण्याच्या शुद्धतेचं तिच्या घरातलं एवढंच यंत्र.

वरच्या शहरासाठी सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट बांधायचं सरकारच्या एका खात्याने ठरवलं. तो केवढा हवा हे सांगणारं मॉडेल करायचं काम आमच्याकडे आलं, आणि मी ते मागून घेतलं. माईला फोन करून सांगितलं की तुझ्या नळाचं काम आता माझ्या टेबलावर आहे. ती म्हणाली, "तुझो कंप्युटर काय सांगता ता माका सांगू नको. हयसर ये नि ग्लासभर पी."

मॉडेल तयार झालं आणि जमेना. म्हणजे उलट्या बाजूने जमेना. माझ्या हिशेबाने माईच्या शहरात पोचणारं पाणी जेवढं घाण असायला हवं होतं, त्याहून ते पुष्कळ स्वच्छ होतं. आमच्या धंद्यात अशा वेळचा एक ठरलेला तोडगा आहे. खोऱ्यातले शेतकरी आपण समजतो त्याहून कमी खत घालतात असं धरायचं. बटण पिळलं की पाणी स्वच्छ. शेतकऱ्याला विचारायला जातो कोण? विजयकर सर म्हणाले, पिळ आणि मोकळी हो. माझा हात होईना. वरच्या शहराची गटारं मी डोळ्यांनी पाहिली होती. ती घाण वाटेत कुठेतरी उतरत होती, आणि ती कोण उतरवून घेतं हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

श्रावणात माईकडे गेले तेव्हा ते दिसलं. एसटी दोन्ही शहरांच्या मधल्या सखल भागातून जात होती आणि खिडकीबाहेर नजर पोचेल तिथवर पाणी पसरलेलं होतं. फार खोल नसावं, कारण त्यातून लव्हाळे आणि पाणकणसं वर आली होती आणि बगळे चालत होते. शेजारच्या बाईंना विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, पाणथळ. नदी दरवर्षी इथे पसरते, दिवाळीपर्यंत पाणी असतं, मग आटतं, मग इथे पोरं क्रिकेट खेळतात. मी फोनवर आमचा नकाशा उघडला. त्या जागी नकाशात शब्द होता पडीक.

ही चूक समजून घ्या, कारण ती करायला आमच्याइतकं शिकलेलंच असावं लागतं. जमिनीचे नकाशे उपग्रहाच्या फोटोंवरून करतात. आमच्या हाती आलेले नकाशे साध्या फोटोंचे, आणि असा फोटो ढगांतून निघत नाही. पावसाळाभर ढग. म्हणून फोटो निवडायचा मे महिन्यातला, लख्ख उन्हाचा. आता जी जागा फक्त पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमागच भरते, ती मे महिन्यात कशी दिसणार? कोरडी ठणठणीत. अशा रीतीने खोऱ्यातल्या कित्येक पाणथळी खऱ्या असून कागदोपत्री जन्मालाच आलेल्या नाहीत. आकाशातून कुणी पाहिलं नाही, म्हणून त्या नाहीत.

आणि पाणथळ काय काम करते? काही नाही, पाण्याला थांबवते. वेगाने आलेलं पाणी तिथे पसरतं, रेंगाळतं. गाळ खाली बसतो. चिखलात आणि लव्हाळ्याच्या मुळांशी राहणारे सूक्ष्म जीव खतातलं आणि मैल्यातलं नत्र खाऊन टाकतात. पाणी जेवढं जास्त थांबेल तेवढं जास्त निवळतं. ना पंप, ना ऑपरेटर, ना वीजबिल. आपल्याकडे माहीमच्या खाडीच्या कडेला जी खारफुटी उरली आहे ती थोडंफार हेच करते, आणि त्याबद्दल आपण तिला प्लास्टिकच्या पिशव्या देतो.

परत येऊन मी मॉडेलमध्ये पाणथळ घातली. संगणकात खोटा पाऊस पाडला. हिशेबाची रेघ खऱ्या बाटल्यांच्या ठिपक्यांवरून अलगद जाऊन बसली. खोटं सांगत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या संध्याकाळी दादरला उतरून मी एकटीने पियूष घेतलं, आणि मग आणखी एक घेतलं.

ते दुसरं पियूष जरा घाईचं झालं. खात्याचे मुख्य अधिकारी सरनोबत साहेब आमच्याकडे सादरीकरणाला आले. माणूस वाईट नव्हता. हुशार, हजरजबाबी, आणि सरकारचे पैसे वाचवायचा ध्यास घेतलेला. मी पाणथळ दाखवली, रेघ दाखवली. साहेब खुर्चीत पुढे सरकले. हे सगळं फुकटात होतं? त्यांनी विचारलं. मी अभिमानाने हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं की वरच्या शहराचं सांडपाणी दुप्पट झालं आणि प्लँट बांधलाच नाही, तर काय होईल ते दाखवा. मी चालवून दाखवलं. संगणक म्हणाला, पाणथळ आहे की, ती आपला नेहमीचा वाटा उतरवून घेईल.

इथे त्या सॉफ्टवेअरचा स्वभाव सांगायला हवा. परदेशातून विकत घेतलेली ती वस्तू. तिच्यात पाणथळीपुढे एक टक्केवारी असते. येणाऱ्या घाणीतला एवढा वाटा पाणथळ काढणार. घाण दुप्पट केली तर दुप्पट काढणार, दसपट केली तर दसपट. पाणथळ दमते हे तिला ठाऊकच नाही. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेबद्दल सगळ्यांची जी समजूत असते, तीच त्या सॉफ्टवेअरची पाणथळीबद्दल होती. मी ते परोपरीने सांगितलं. एका मर्यादेपलीकडे पाणथळ तुंबते, कुजते, जलपर्णीने भरते आणि घाण खाण्याऐवजी ओकायला लागते. साहेबांनी शांतपणे विचारलं, ही मर्यादा तुमच्या मॉडेलमध्ये आहे का? नव्हती. ती घालायची तर तुंबलेल्या पाणथळीची मोजमापं हवीत, आणि आमची पाणथळ अजून धडधाकट होती.

"मग ते तळटिपेत घ्या," साहेब म्हणाले.

म्हणजे ज्या पाणथळीला मी कागदावर जन्म दिला, तिच्याच जन्माचा दाखला लावून साहेब प्लँट रद्द करणार होते. वरच्या शहराचं सगळं सांडपाणी, आजचं आणि उद्याचं, तिच्या अंगावर सोडायचं आणि ती बिचारी काढेल म्हणून निवांत बसायचं. ती कोलमडली की ते सगळं सरळ माईच्या नळात. मी विजयकर सरांच्या केबिनमध्ये गेले. सर हळहळले, पण म्हणाले, "मंगल, यू आर राइट. पण क्लायंट खूश आहे. खूश क्लायंटला दुरुस्त करू नये." माईला फोनवर हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिने विचारलं तेव्हा काम चालू आहे म्हटलं आणि विषय बदलला.

शेवटची बैठक भाद्रपदात ठरली. आमच्या ऑफिसच्या मोठ्या बैठका का कोण जाणे, नेहमी भाद्रपदातच ठरायच्या. का ते लालबाग-परळच्या माणसाला सांगायला नको. एरवी महिनोन्महिने वेळ न मिळणारे साहेबलोक गणपतीत परळला यायला एका पायावर तयार असत. सकाळी दर्शन, दुपारी बैठक. आमच्या भागातल्या गर्दीच्या गणपतीच्या मंडळात माझा धाकटा भाऊ बंड्या कार्यकर्ता. दरवर्षी क्लायंटसाठी बंड्याकडून पास आणायचं काम माझ्याकडे. पासवाला बाजूच्या दाराने आत जातो, बाप्पाच्या पायाशी हवा तेवढा उभा राहतो, फोटो काढतो, प्रसाद घेतो. कंपनीला मिळालेल्या कामांपैकी किती मॉडेलमुळे मिळाली आणि किती बंड्यामुळे, याचा अभ्यास कुणी केला नाही ते बरंच आहे.

त्या वर्षी मी बंड्याला म्हटलं, साहेबांचा पास नको. तो मांडवात दोरखंड गुंडाळत होता, तसाच थांबला.

"येडी झालीस काय ताई? सरकारी साहेब आहे तो. लाईन पार कुठून चालू होते माहितीय ना तुला?"

"माहितीय. मीपण उभी राहणार आहे."

"अगं मग तुला तरी आतून सोडतो."

मी नको म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिक्षणाने माणसाचं काय होतं ते आता त्याला कळलं. पण बंड्या शब्दाचा पक्का. साहेब येऊन उभे राहिले तेव्हा त्याने कानाला हात लावून सांगितलं की यंदा पास बंद आहेत, वरून ऑर्डर आहे. वरून म्हणजे कुठून हे सरकारी माणूस विचारत नाही. साहेबांनी दोन-तीन ठिकाणी फोन लावले, गर्दीत कुणाचं कुणाला ऐकू गेलं नाही. आणि नवस बोलायचा होता, त्यामुळे परत जाणंही शक्य नव्हतं. मुलीच्या मेडिकलच्या ॲडमिशनचा नवस. आम्ही दोघं रांगेच्या शेपटाशी जाऊन उभे राहिलो.

सुरुवातीला साहेब घुश्शात होते. मग शीवहून आलेल्या एका कुटुंबाने डबा उघडला आणि त्यांच्या हातावर चकली ठेवली, तेव्हा निवळले. रांग सरकत होती, थांबत होती. रांगेतल्यांसाठी बाहेर टीव्हीचा मोठा पडदा लावलेला होता, त्यावर मांडवातलं दर्शन दिसायचं. सकाळची वेळ, गर्दी बेताची. माणसं पायांवर डोकं टेकत होती, हात जोडून दोन शब्द बोलत होती, कार्यकर्तेही सबुरीने घेत होते. साहेब म्हणाले, छान व्यवस्था आहे हो. मग दिवस चढला. मागून लोंढे यायला लागले आणि पडद्यावरचं चित्र बदललं. कार्यकर्त्यांचे आवाज चढले. माणूस पायाशी पोचला की एक जण त्याचं डोकं खाली करायचा आणि दुसरा दंडाला धरून बाहेर काढायचा. आमची पाळी आली तेव्हा गर्दी ऐन भरात होती. साहेबांनी हात जोडले, डोळे मिटले. "चला काका, पुढे चला, मागे लोकं आहेत," असं कानाशी ऐकू आलं आणि आम्ही दोघं बाहेर रस्त्यावर.

साहेबांचा शर्ट घामाने भिजला होता, चष्मा वाकडा झाला होता. ते कठड्याला टेकून उभे राहिले. तोंड लहान मुलासारखं झालं होतं.

"माझा नवस बोलून झालाच नाही हो," ते म्हणाले. "मी फक्त 'बाप्पा, माझी मुलगी' एवढंच म्हटलं. एवढ्यावरून त्याला काय कळणार?"

मला खरंच वाईट वाटलं. पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते बोलायची वेळ हीच होती.

"साहेब, पाणथळीतही रांगच असते. चिखलासमोर उभं राहायला पाण्याला वेळ मिळाला तर त्याची घाण उतरते. तुम्ही दुप्पट पाणी सोडलंत तर मागचं पुढच्याला ढकलतं. मग ते 'बाप्पा, माझी' एवढंच म्हणून बाहेर पडतं आणि माझ्या बहिणीच्या नळात येतं."

साहेब रुमालाने चष्मा पुसत राहिले. ऑफिसात विजयकर सर समोसे गार होताना बघत बसले होते. बैठक सुरू झाली, सरांनी स्वागत केलं, आणि साहेबांनी त्यांना मध्येच थांबवून मला सांगितलं, गर्दी वाढली की काय होतं ते दाखवा. मी संगणक बंद केला आणि फळ्यावर साधा हिशेब मांडला. जागा तेवढीच, पाणी दुप्पट, म्हणजे थांबायला वेळ निम्मा. त्यात ती तुंबली तर तेवढाही नाही. आकडेमोड सातवीतल्या मुलाला जमेल अशी होती. साहेबांनी प्लँट पुन्हा मंजूर केला, पूर्ण मापाचा. विजयकर सर नंतर सगळीकडे सांगत असत की आमची कंपनी क्लायंटला प्रत्यक्ष स्थळभेटीला नेते.

त्या रात्री मात्र मी माईला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढे वर्षभराने साहेबांचा फोन आला, मुलीला ॲडमिशन मिळाली, बाप्पाला अर्ध्या वाक्यात कळलं. मी अभिनंदन केलं, आणि लगेच शंका आली. अर्ध्या वाक्यात भागतं असं ठरवून हा गृहस्थ प्लँट पुन्हा रद्द करतो की काय? पण तोवर त्यांची बदली झाली होती.

मी निवृत्त झाले. ऑफिसने शाल, श्रीफळ आणि निळ्या नदीचा फ्रेम केलेला नकाशा दिला. तो नगराध्यक्षांचाच होता. कामाबद्दल मला समाधान होतं. आयुष्यात एक गोष्ट तरी आपण धड केली, एक पाणथळ वाचवली, एका शहराचं पाणी वाचवलं, असं मी मनाशी म्हणत असे, आणि अधूनमधून शेजाऱ्यांनाही ऐकवत असे.

मग माईचा फोन आला की प्लँटचं काम सुरू झालं. कुठे, मी विचारलं. तिने सांगितलेली जागा मला पटेना, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी एसटी पकडली. उन्हाळा होता. त्या सखल भागात डंपर मुरूम ओतत होते. रोलर फिरत होता. लव्हाळ्याच्या वाळक्या खुंटांवर खांब रोवून चुन्याच्या रेषा मारल्या होत्या.

मी खात्यात गेले. नवे साहेब तरुण होते, अदबीने बोलले, चहा मागवला. त्यांनी नकाशा पसरला. नदीकाठ हवा, सपाट जमीन हवी, सरकारी हवी, कुणाचं पीक नको, घर नको. अशी जागा अख्ख्या खोऱ्यात एकच, आणि नकाशात तिच्यावर शब्द होता पडीक. तोच नकाशा, तोच मे महिना. मी मॉडेलमध्ये पाणथळ घातली होती, पण जमिनीचा नकाशा दुसऱ्या खात्याचा. त्याला मॉडेलमधलं काही कळायची सोय नव्हती. मी सांगितलं, अहो, ही पाणथळ आहे. त्यांनी विचारलं, मग नकाशात का नाही? मी म्हटलं, ढगांमुळे.

त्यांनी कप खाली ठेवला. "मॅडम, प्लँट हवाच हे तुमच्याच अहवालात आहे. आम्ही तुमचंच ऐकतोय. मग त्याला कुठेतरी उभं करायला नको का?"

  मी अर्ज केले, विजयकर सरांना गाठलं, त्यांनी खरोखर दोन ठिकाणी शब्द टाकला. भर पडत राहिली. रागाने मला कित्येक दिवस जेवण गोड लागत नव्हतं, आणि राग नेमका कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. कारण या सगळ्यात कुणीही काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्यासमोरचा कागद नीट वाचला होता.

प्लँट आता उभा आहे. देखणा आहे. भोवतीच्या भिंतीवर चित्रकार लावून पाणथळ रंगवली आहे, लव्हाळे, पाणकणसं आणि ओळीने बगळे. खाली लिहिलं आहे, निसर्ग जपा. पाणी छान निळं काढलं आहे.

यंदा विसर्जन आटोपल्यावर मी माईला फोन केला. बंड्याचा आवाज बसलाय, घरात प्रसादाचे लाडू अजून आहेत, असं इकडचं तिकडचं बोलून झालं. मग विचारलं, पाणी कसं येतं गं?

"बरा येता," माई म्हणाली. "लाईट आसली काय."

लाईट गेली की प्लँटचे पंप थांबतात. लाईट त्यांच्याकडे कधी जाते आणि किती जाते ते मला ठाऊक आहे. मग नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, गणपती गेले, नळाचं फडकं सोडलंस की नाही?

"ता आता बांधलेलाच ऱ्हवांदे," ती म्हणाली, आणि बंड्याला गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांग म्हणाली.